सुंदर म्हणजे किती फूट?

आमच्या मुलांच्या लेखनाच्या वर्गात 'सुंदर' हा शब्द वापरायला बंदी आहे. कोणी चुकून वापरलाच, तर मुलाणी हवालदार हातातलं पेन खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्या आठ-दहा वर्षांच्या जिवाला दरडावून विचारतात, "सुंदर? सुंदर म्हंजे किती फूट?"

पोराला उत्तर येत नाही. ते कोणालाच येत नाही. मग हवालदारांचा आवाज चढतो. "न्हाई ना सांगता येत? मग तू बघितलंच न्हाई. बघितलं आसतं तर सांगितलं आसतं, भिंत पिवळी हाय, खाली ओल आलीया, कोपऱ्यात मांजर झोपलंय. जा. परत बघून ये." पोर उठतं आणि परत बघायला जातं. आमच्या गटातल्या कल्याणीच्या निहारला त्यांनी एकाच गुलमोहराकडे चार वेळा पाठवलं होतं. चौथ्या खेपेला त्यानं लिहिलं, झाडाला खिळे ठोकून कोणीतरी शिकवणीची पाटी लावली आहे, आणि पाटीवरचे शेवटचे चार आकडे पुसले आहेत. हवालदार म्हणाले, "आता दिसलं झाड," आणि पुढच्या मुलाकडे वळले.

हवालदार हे टोपणनाव नाही. दस्तगीर मुलाणी पोलीस खात्यातून हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. नोकरीतली शेवटची बावीस वर्षं त्यांनी चौकीत बसून फक्त लिहिलं. तक्रारी, जबाब, पंचनामे. अशा माणसाकडे मुलीला लेखन शिकायला पाठवणारी बाई डोक्यावर पडलेली असणार, असं माझ्या सासूबाईंचं मत आहे. ती बाई मी.

त्यांचं वर्णन त्यांच्याच पद्धतीनं करते, नाहीतर मलाही परत बघायला पाठवतील. उंची पाच फूट चार इंच. वर्ण सावळा. पोट सुटलेलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. खिशाला दोन पेनं, एक काळं, एक निळं. लाल शाईला ते साहेबाची शाई म्हणतात आणि मुलांच्या वहीत तिचा ठिपका दिसला तरी त्यांचं डोकं फिरतं. 'मंद वारा' या शब्दांनी फिरतं. 'सर्वांना माहीतच आहे' यानं फिरतं. 'वगैरे' दिसलं तर विचारूच नका. "वगैरे लिवणारा इसम एक तर आळशी आसतो, न्हाईतर कायतरी लपवत आसतो," असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

आता रागाचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगून टाकते. मी काही शांत बाई नाही. मला राग येतो आणि मला तो आवडतो. माझ्या मुलीला, जुईला, तिसरीतून काढलं ते रागातच काढलं. शाळेनं निबंध लिहायला सांगितला होता, 'बागेतील एक संध्याकाळ'. जुईनं लिहिलं: 'आम्ही बागेत गेलो. बाग बंद होती. वॉचमन म्हणाला, काम चालू आहे. आम्ही घरी आलो.' बाईंनी त्यावर तिरकी लाल रेघ मारली आणि फळ्यावरचा आदर्श निबंध दहा वेळा उतरवून आणायला लावला. त्या निबंधात मंद वारा वाहत होता, पाखरं किलबिलत होती आणि एक आजोबा बाकावर बसून मिस्कील हसत होते. मी शाळेत जाऊन विचारलं, "बाग बंद होती हे खोटं आहे का?" बाई म्हणाल्या, "खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही, परीक्षेत मार्क मिळायला हवेत ना?" त्याच महिन्यात मी दाखला घेऊन आले.

मग लोकांना कंठ फुटले. कोथरूडमध्ये मूल शाळेत जात नाही म्हटलं की लिफ्टमध्ये अनोळखी माणूससुद्धा हळहळतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला रोज विचारायचे, "मग दिवसभर ती करते काय?" मी एकदा विचारलं, "आपण दिवसभर काय करता?" तेव्हापासून ते जिन्यानं जातात. होमस्कूलिंग करणारी आमच्यासारखी आणखी पाच घरं आसपास होती. आम्ही गट केला, मुलांना एकत्र आणलं, गणिताला कोणी, चित्रकलेला कोणी अशी माणसं शोधली. सगळं जमलं. फक्त जुई लिहीना.

एक अक्षर लिहीना. बोलायची, चित्रं काढायची, गुणाकार करायची. वही पुढे ठेवली की हात मांडीखाली. दहा वेळा उतरवलेला तो निबंध तिच्या बोटांत बसला होता. मी वह्या आणल्या, रंगीत पेनं आणली. लेखनाची कार्यशाळा लावली. तिथल्या ताईंनी मुलांना डोळे मिटून ढग व्हायला सांगितलं. जुई म्हणाली, "मला ढग व्हायचं नाही," आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. वर्ष गेलं. मंदार, म्हणजे माझा नवरा, एरवी माझ्या भानगडीत पडत नाही, पण त्यानं एकच अट घातली: पुढच्या जूनपर्यंत ती लिहिती झाली नाही तर परत शाळा. सासूबाईंनी फोनवरून लगेच दुजोरा दिला. अट रास्त होती. रास्त गोष्टींचा राग फार त्रास देतो.

त्यातच जुईची सायकल चोरीला गेली. मी तिला घेऊन चौकीवर गेले. टेबलामागे मुलाणी बसले होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "ताई, सायकल कुणाची?"

"हिची."

"मग तुमी गप बसा." आणि जुईकडे वळून, "हां बाळ, सांग. पयल्यापासून."

जुई अनोळखी माणसासमोर नाव सांगायला पाच मिनिटं घेते. तिथे चाळीस मिनिटं बोलली. सायकलची घंटी कशी वाजते, मागच्या चाकाच्या दोन तारा कशा वाकल्या आहेत, सीटवरचं स्टिकर तिनं कुठल्या दिवशी अर्धं काढलं. ते मान खाली घालून लिहीत होते. मी दोनदा "एवढं कशाला" म्हणाले, दोनदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स आवळून बसले. शेवटी त्यांनी तो सगळा जबाब तिला वाचून दाखवला, सपाट आवाजात, एक शब्द न गाळता. "तुझ्या सांगण्यापरमाणं बरोबर हाय का?" जुई म्हणाली, "बरोबर आहे." सायकल काही मिळाली नाही. पण घरी येताना ती स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "आई, त्यांनी मी म्हणाले तेच लिहिलं."

ते निवृत्त झाल्याचं कळल्यावर मी त्यांना वारज्याला शोधत गेले. पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या, पायरीपासून खिडकीपर्यंत सगळ्यावर पिठाचा पातळ थर. बायको वारलेली, हे भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. मी म्हणाले, आमच्या मुलांना लिहायला शिकवाल का? ते चिडले. "मला काय कविता येती व्हय?" मी म्हणाले, कविता शिकवणारे आम्हाला नकोच आहेत. तेव्हा कुठे त्यांनी मला चहा विचारला. अट एकच घातली, की आईबाप वर्गाच्या आसपास दिसता कामा नयेत. वर्ग आधी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. त्यांच्या ओरडण्याची तक्रार झाल्यावर तो वारज्याला, गिरणीच्या वर गेला. तिथे गिरणीचा आवाज त्यांच्याहून मोठा होता, त्यामुळे कोणाची तक्रार राहिली नाही.

त्यांची पद्धत सांगते. कशाबद्दलही लिहायचं तर आधी जागेची चतुःसीमा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. निहारनं स्वतःच्या घराबद्दल लिहिलं होतं, 'उत्तरेला फ्रिज. दक्षिणेला आजीची खोली, दार आतून बंद.' मग कोण काय म्हणालं ते, जसं म्हणालं तसं. जे दिसलं ते लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. 'बाबांना राग आला' असं लिहिलं तर हवालदार विचारायचे, "राग कसा दिसला? रंग कुठला हुता? बाबांनी काय केलं ते लिव." सुरुवातीला मुलं हौसेनं 'सदर पोळी करपलेल्या अवस्थेत आढळून आली' असलं लिहायची. त्यावरही ते भडकले. "ही भाषा खात्याची हाय. मी पगारापायी लिवली. तुमाला कुनी पगार देतंय का? घरी बोलता तसं लिवा."

आणि सगळ्यात मोठा नियम वाचून दाखवण्याचा. चौकीतल्या प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ओळ असते, की हे मला वाचून दाखवलं आणि माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हवालदारांच्या मते बाकी सगळा कागद एकीकडे आणि ती ओळ एकीकडे. म्हणून वर्गात कायदा असा, की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला समोर बसवायचं आणि वाचून दाखवायचं. त्यानं मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर पटलं तर सही करायची, नाहीतर काय चुकलं ते सांगायचं. तोपर्यंत तो कागद 'तपासावर', म्हणजे हवालदारांच्या लोखंडी कपाटात. आमच्या वॉचमननं सही केली, भाजीवालीनं केली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर आपल्यावरचं पान ऐकलं, मागून घेतलं आणि दुकानात टांगलं.

वाचनाचंही तसंच. ते पुस्तक मोठ्यानं वाचतात ते कोर्टात कागद वाचावा तसं, चढ नाही, उतार नाही. खून होवो की लग्न, आवाज तोच. आणि ऐन वेळी थांबतात. "पुढचं तुमी काढा." मुलं पुस्तकावर तुटून पडतात. 'मला पुस्तक आवडलं' असं म्हणायची सोय नाही. ते झालं मत, पान नंबर सांगा. खरं म्हणजे गोष्टीची पुस्तकं ते स्वतः साठीला टेकल्यावर मुलांबरोबरच वाचायला लागले आणि मुलांहून जास्त नादावले. पात्रांवर रागावतात. "ही बाई खोटं बोलतीया. पान चाळीसवर म्हणती घरीच हुते, आन् इथं तिच्या चपलेला चिखल!" एका कादंबरीत त्यांना बाराव्या पानावर अमावस्या आणि चौदाव्या पानावर चांदणं सापडलं, मध्ये एकच दिवस. लेखकाला पत्र लिहायचं म्हणून पत्ता शोधायला लावला. निहारनं मोबाईलवर बघून सांगितलं, "आजोबा, ते वारले." हवालदारांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर संतापून बोट आपटलं. "लेखक मयत. मग आता उत्तर कुनी द्यायचं?"

असे सहा महिने गेले. इतर मुलांची पानं घरोघरी येत होती. जुईचं काही येत नव्हतं. तिला विचारलं तर गप्प. हवालदारांना फोन केला तर ठरलेलं उत्तर, "तपास चालू हाय." मी दात-ओठ खायचे. इकडे सासूबाई फोनवर विचारत आणि मी त्यांना छान चाललंय म्हणून सांगत होते. मे सुरू झाला होता.

मग निहारचं प्रकरण झालं. त्यानं लिहिलं: 'जागा: बाबांची गाडी. वेळ: संध्याकाळी साडेसहा. बाबांनी दोन वडापाव खाल्ले. म्हणाले, आईला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. लिहिलं.' कायद्याप्रमाणे त्यानं ते बाबांना वाचून दाखवलं, नेमकी कल्याणी तिथेच बसलेली असताना. बाबांचं डाएट चालू होतं. त्यांनी सही करायला नकार दिला, तर कल्याणीनं पंच म्हणून केली. इथपर्यंत तिला फार मजा आली. पण दुसरं पान तिच्यावर होतं. त्यात काय होतं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रविवारी तिनं बैठक बोलावली.

बैठक माझ्याच घरी झाली. मुलांची कल्पनाशक्ती मरते आहे, असं ठरलं. सगळं फार निगेटिव्ह आहे, असंही ठरलं. तो माणूस केवढ्यानं ओरडतो, हे कल्याणी केवढ्यानं तरी ओरडून सांगत होती. यातल्या एकाही माणसाला वडापावपर्यंत काहीच अडचण नव्हती, हे मला दिसत होतं आणि त्याचा संतापही येत होता. पण मी हवालदारांची बाजू घेतली नाही. माझ्या मुलीनं अजून एक ओळ लिहिली नव्हती आणि जून तोंडावर होता. कोणावर तरी खापर फोडायला मिळत होतं, मी फोडलं. मी त्यांना आणलं होतं, म्हणून काढायचंही काम माझ्याकडे आलं.

मंगळवारी बाराला वर्ग सुटतो. मी वर पोचले तेव्हा बाकीची मुलं जिना उतरून गेली होती, गिरणी जेवणासाठी बंद झाली होती आणि जुई चटया गुंडाळत होती. मी दारातूनच सांगितलं. पाठच करून गेले होते. काका, तुम्ही खूप केलंत, पण पुढच्या आठवड्यापासून वर्ग बंद करायचं ठरलंय.

ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "बरं. निहारची वही ऱ्हायलीया, तेवढी नेऊन द्या."

त्या 'बरं'नं माझं टाळकं सटकलं. भांडायला आलेल्या बाईला बरं म्हणून वही हातात देणं, याहून उद्धट काही असू शकत नाही. "तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?" मी म्हणाले. "सहा महिने! सहा महिन्यांत माझ्या मुलीनं एक अक्षर लिहिलेलं नाही. जूनमध्ये तिला त्याच शाळेच्या दारात नेऊन उभी करायचीय मला. कळतंय का तुम्हाला?"

"लिवलंय की तिनं."

"काय?"

"एकोनीस पानं." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "हितं हायेत."

मी हात पुढे करून म्हणाले, "दाखवा."

"न्हाई."

"अहो, मी आई आहे तिची!"

"म्हणूनच न्हाई." त्यांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली. "जिनं लिवलंय ती वाचून दाखवंल. तिला वाटंल तवा. तवर कुनालाबी मिळनार न्हाई. वर्ग बंद करायचा तर करा."

मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "धाक दाखवून सह्या घ्यायची खात्यातली सवय असेल, ती माझ्या मुलीवर चालवू नका." ते खाली बघून उगाच एक चटई परत उलगडायला लागले. मी आणखी बोलले असते.

"आजोबा, द्या," जुई म्हणाली.

हवालदारांनी वर पाहिलं. "नक्की?"

तिनं मान हलवली.

"मान नको हलवू. तोंडानं सांग."

"नक्की."

त्यांनी कपाट उघडलं, दोऱ्यानं बांधलेली एक वही काढून तिच्या हातात दिली आणि माझ्यासमोर खुर्ची सरकवली. "बसा ताई. मधी बोलायचं न्हाई."

जुई उभी राहून वाचायला लागली. आवाज त्यांच्यासारखाच सपाट.

"जागा: आमचं स्वयंपाकघर. वेळ: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. पूर्वेला खिडकी. पश्चिमेला ओटा. मी टेबलापाशी होते. वही उघडी होती. आई म्हणाली, तू लिहिणार आहेस का नाहीस? मी म्हणाले, लिहीन. आई म्हणाली, कधी? मी काही म्हणाले नाही. आईनं पेन टेबलावर आपटलं. त्याचं टोपण उडून कुकरच्या मागे गेलं. ते अजून तिथे आहे. मग आजीचा फोन आला. आई म्हणाली, छान चाललंय, जुई रोज दोन पानं लिहिते."

"अगं, ते मी..." मी म्हणाले.

"मधी बोलायचं न्हाई!" हवालदार गरजले. खालून गिरणीवाला "काय झालं?" म्हणून ओरडला.

जुई थांबली होती ती पुढे वाचू लागली. "आईनं फोन ठेवला. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. सात मिनिटं उभी होती, मी घड्याळात पाहिलं. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. मी गेले नाही, कारण ती म्हणाली असती, आधी लिही. आई रडत होती का, ते माझ्या जागेवरून दिसलं नाही, म्हणून लिहिलेलं नाही."

तिनं पान उलटलं. अशी एकोणीस पानं होती. सगळी माझीच नव्हती. पाचेक पानांत बाबा होता, दोन पानांत चोरीला गेलेली सायकल होती. बाकीच्यांत मी होते आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी ओरडत होते. तिनं कुठेही 'आई वाईट आहे' लिहिलं नव्हतं. 'आई चांगली आहे' असंही नव्हतं. मी काय म्हणाले आणि काय केलं, एवढंच. पोर एवढं सरळ, एवढं नेमकं लिहीत होती, याचा मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. बागेबद्दल खरं लिहिलं म्हणून मी तिच्या बाजूनं शाळेशी भांडले होते. माझ्याबद्दल खरं लिहिलंय हे ती मला सहा महिने सांगू शकली नव्हती.

"बरोबर हाय का?" हवालदारांनी विचारलं.

मी म्हणाले, "बरोबर आहे." मग सही केली. जुईनं सही बघितली, वही मिटली आणि माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं तो राहू दिला.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "काका, तुम्ही मला नुसतं सांगायचंत, की लिहिते आहे म्हणून. आज वर्गावर पाणी सोडायला निघाला होतात."

"सांगितलं आसतं तर तुमी गप ऱ्हायला आसता का? घरी जाऊन पोरीला धरलं आसतं. काय लिवलं, कशापायी लिवलं, दाखव." हे इतकं खरं होतं की मी मान खाली घातली. ते खिडकीपाशी जाऊन बसले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "माझी लेक कर्वेनगरला ऱ्हाती."

त्यांना मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. त्या घरात तिची एकही वस्तू नव्हती.

"हितनं बसनं धा मिनिटं. नऊ वर्सं झाली, येत न्हाई. लग्न ठरवलं हुतं मी तिचं. त्याच्या आदल्या आठवड्यात चौकीवर आली. घरी बोलता येत नसंल, म्हणून तिथं आली. म्होरं लोकं बसलेली. एकेकाचं तास तास ऐकून लिवून घेत हुतो मी. ती येऊन टेबलापाशी उभी ऱ्हायली. मी मान वर न करता म्हणलो, थोडक्यात सांग."

जुईनं विचारलं, "मग?"

"काई न्हाई म्हणाली आन् गेली."

"पण तिला काय सांगायचं होतं?"

हवालदारांनी दोन्ही तळहात मांडीवर घासले. "ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "मी इचारलंच न्हाई."

काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. जुईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. हवालदारांचं बोलून झालं नव्हतं.